पिशवीत मावणारं काम

प्रवासाला निघताना सोबत कोणतं विणकाम घ्यावं, असं मला कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: मोजा घ्या.

स्वेटर नको. सुरुवातीला तो पिशवीत मावतो, पण अर्धा झाला की मांडीभर पसरतो आणि मे महिन्यात रजई पांघरून बसल्यासारखं होतं. जाळीची शाल नको. एक टाका निसटला तर पुढची तीन स्टेशनं मान वर करता येत नाही. तीन रंगांची नक्षी नको. तीन गुंडे एकमेकांत गुंततात आणि सोडवताना उतरायचं स्टेशन निघून जातं. दर ओळीला कागद बघावा लागेल असं तर काहीच नको.

मोजा मुठीत मावतो. शंभर ग्रॅम बारीक लोकरीत मोठ्या माणसाचा एक जोड होतो. साठ-सत्तर टाके घ्यायचे आणि गोल गोल सुलट विणत राहायचं. टाच येईपर्यंत हातांना डोक्याची गरज लागत नाही. मध्येच उठावं लागलं तर आहे तसा पिशवीत टाकायचा.

हे शहाणपण माझं नाही. विणकामाचा इतिहास वाचायला लागल्यापासून मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: शेकडो वर्षं, वेगवेगळ्या देशांत, चालत्या माणसांच्या हातात बहुतेक वेळा मोजाच होता. फरक एवढाच, की त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो हौसेनं सोबत घेतला होता.

पाठीवर सरपण, हातात सुया

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. वारा इतका, की झाडं फारशी वाढत नाहीत. त्यामुळे जळण म्हणून पीट वापरायचं. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचलेल्या वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापायचा, वाळवायचा आणि आपल्याकडे गोवऱ्या जाळतात तसा जाळायचा. पुरुष मासेमारीला समुद्रावर. शेती, जनावरं, घर आणि हे जळण वाहून आणणं बायकांकडे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे तिथले फोटो प्रसिद्ध आहेत. पाठीवर गवताची मोठी टोपली, टोपलीत पीट, आणि दोन्ही हातांत सुया. बाई चालते आहे आणि विणते आहे. असे फोटो पोस्टकार्डांवर छापून पर्यटकांना विकले जायचे. किती कष्टाळू, किती निरागस जीवन, असं म्हणत लोक ते घरी पाठवत असणार.

चालताना विणणं दिसतं तितकं सोपं नाही. सुयांचं वजन पेलायला हात लागतो, आणि पाऊल पडलं की हात हलतो. त्यावर शेटलंडच्या बायकांकडे एक साधन होतं: कमरेचा चामडी पट्टा. त्यावर घोड्याचे केस भरलेली एक छोटी उशी, उशीला भोकं. मोज्याच्या सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार असतात. उजव्या सुईचं मागचं टोक त्या भोकात खोचलं की सुई स्थिर होते, हाताला फक्त धागा टाकायचं काम उरतं आणि वेग वाढतो. तिथल्या बोलीत विणण्याला ‘मॅकिन’ म्हणतात, म्हणून हा ‘मॅकिन बेल्ट’. आजही शेटलंडमध्ये तो वापरणारे लोक आहेत.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ खोऱ्यांत हेच काम लाकडी दांडी करायची. कमरेला खोचलेली, वरच्या टोकाला सुईसाठी भोक असलेली. अशा शेकडो दांड्या संग्रहालयांत आहेत, आणि बऱ्याच जणींवर नावाची अक्षरं, वर्ष, बदाम कोरलेले आहेत, कारण तरुण मुलं आपल्या आवडत्या मुलीला ती स्वतः कोरून द्यायची. त्यांचे फोटो बघताना मला दर वेळी दोन गोष्टी एकदम जाणवतात. केवढ्या प्रेमानं केलेली वस्तू आहे! आणि ती कशासाठी आहे? तर तिला चालतानाही काम करता यावं म्हणून.

यंत्र घरात, माणसं रस्त्यावर

इथे एक प्रश्न पडतो. मोजे विणण्याचं यंत्र तर फार लवकर आलं होतं. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली यांनी ते १५८९ साली बनवलं, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चाळीसेक वर्षं आधी. मग पुढची तीनशे वर्षं बायका हातानं मोजे का विणत होत्या?

यंत्र एका जागी बसायचं. त्याला खिडकीजवळची जागा लागायची, हात-पाय-डोळे तिन्ही लागायचे आणि भांडवल लागायचं. अनेक कारागीर ते भाड्यानं घ्यायचे. त्याच नॉटिंगहॅम भागात १८११ साली मजुरी घसरली तेव्हा कारागिरांनी यंत्रंच फोडली. ‘लुडाइट’ हा शब्द तिथूनच आला. तासाच्या हिशेबानं हाताचं विणकाम या यंत्रापुढे टिकणं शक्यच नव्हतं.

म्हणून ते अशा तासांत शिरलं, ज्यांचा हिशेबच कुणी ठेवत नव्हतं. बाजाराला जाताना. गुरं राखताना. चुलीवर काही शिजत असताना. जिथे जमीन नापीक, मजुरी कमी आणि रस्ते लांब, तिथे हाताचं विणकाम टिकलं. त्याचं फिरतं असणं हीच त्याची टिकून राहण्याची युक्ती होती. पण या युक्तीत विणणारीचा रिकामा वेळ आधी संपत होता, नंतर लोकर.

यॉर्कशरजवळच्या डेन्ट नावाच्या खोऱ्यात हे टोकाला गेलं होतं. विल्यम हॉविट यांनी १८३८ साली प्रकाशित झालेल्या इंग्लंडच्या ग्रामजीवनावरच्या पुस्तकात तिथलं वर्णन केलं आहे. बाया, बाप्ये, पोरं, सगळेच विणतात. रात्री शेजारीपाजारी एका घरी जमतात, मेणबत्ती वाचवायला शेकोटीच्या उजेडात बसतात आणि अंग पुढेमागे झुलवत एका लयीत विणतात. डेन्टमध्येच जन्मलेले भूगर्भशास्त्रज्ञ ॲडम सेजविक (तरुण डार्विनना डोंगर वाचायला शिकवणारे ते हेच) यांनीही म्हातारपणी या बैठकांची आठवण मायेनं लिहून ठेवली. गप्पा, गोष्टी, गाणी आणि विणकाम.

पण त्याच खोऱ्याची दुसरी आठवणही आहे, आणि ती एका मुलीची आहे. कवी रॉबर्ट साऊदी यांच्या ‘द डॉक्टर’ या ग्रंथात बेट्टी नावाच्या वृद्ध बाईनं तिच्या बोलीत सांगितलेली हकीकत येते. ती सात-आठ वर्षांची असताना तिला आणि तिच्याहून लहान बहिणीला लँगडेलहून डेन्टला विणकाम शिकायला पाठवलं गेलं. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत एकच काम: विणा. घरची आठवण, नकोसं जेवण आणि हातात सतत सुया. शेवटी दोघी बहिणी कुणालाही न सांगता निघाल्या आणि थंडीवाऱ्यात, वाटेत लोकांकडे आसरा मागत, डोंगर ओलांडून पायी घरी पोचल्या.

सेजविक आणि बेट्टी दोघंही खरंच सांगत होते. एक जण बैठकीत मन रमवत होता, दुसरीला ते सक्तीनं करावं लागत होतं. काम तेच होतं, सुयाही त्याच होत्या.

मेंढपाळांचे हात

हे फक्त बायकांचं होतं असंही नाही. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लांद नावाचा प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो पाणथळ माळ होता आणि तिथले मेंढपाळ उंच काठ्यांवर, म्हणजे पायांना बांधलेल्या लाकडी पायांवर, चालायचे. चिखल लागायचा नाही आणि लांबचा कळप दिसायचा. सोबत आणखी एक लांब काठी असायची. ती पाठीमागे टेकवली की तीन पायांची खुर्ची झाली. त्या खुर्चीवर, जमिनीपासून माणूसभर उंचीवर बसून, ते मोजे विणायचे. १८५७ साली कायदा करून तो माळ कोरडा करण्यात आला, पाइनची झाडं लावली गेली. मेंढ्या गेल्या, काठ्या गेल्या आणि ते विणकामही गेलं. आता काठ्यांवरची नाचणारी मंडळं तेवढी उरली आहेत.

हे वाचताना मला आपला धनगर आठवला नसता तरच नवल. दख्खनच्या माळावर मेंढरांमागे चालणाऱ्या धनगराच्या हातात लोकर कातायची टकळी असते. पाय चालतात, नजर कळपावर, आणि बोटांमधून सूत निघत राहतं. अखंड बोलणाऱ्याला आपण ‘याची टकळी थांबत नाही’ म्हणतो, ते उगाच नाही. पण त्या सुताची घोंगडी विणायची तर माग लागतो, आणि माग चालत्या माणसाबरोबर नेता येत नाही. म्हणून कातणं धनगराकडे आणि विणणं गावात बसलेल्या सनगराकडे, अशी वाटणी झाली. कोणतं काम प्रवासात नेता येतं आणि कोणतं नाही, यावरून इथे जातींच्या कामाच्या सीमा आखल्या गेल्या.

चहाच्या पुड्या

पुन्हा शेटलंडला येते, कारण पैशाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. चालता-चालता विणलेल्या त्या मोज्यांचं पुढे काय व्हायचं?

बाई तो माल लर्विक शहरातल्या व्यापाऱ्याकडे न्यायची. व्यापारी किंमत ठरवायचा. आणि बहुतेक वेळा पैसे द्यायचा नाही. त्या किमतीचा माल द्यायचा. चहा, कापड, असंच काही, तेही त्याच्याच दुकानातलं आणि त्यानंच लावलेल्या भावानं. या पद्धतीला ‘ट्रक’ म्हणत. गाडीशी तिचा संबंध नाही, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ अदलाबदल. ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या चौकशीसाठी विल्यम गथ्री १८७२ च्या जानेवारीत शेटलंडला आले आणि त्यांनी साक्षी घेतल्या. विणणाऱ्या बायकांनी स्वतः येऊन सांगितलं: घरात हवं असायचं पीठ आणि बटाटे, हातात पडायचा चहा. मग तो चहा घेऊन शेतकऱ्यांकडे जायचं आणि त्याच्या बदल्यात खायला काही मागायचं.

त्या साक्षी शब्दशः छापल्या गेल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पोस्टकार्डावरच्या बाईला आवाज नव्हता. या कागदांत तिचा आवाज आहे. १८८७ साली कायदा सुधारला आणि घरी विणलेल्या मालालाही संरक्षण मिळालं. प्रथा मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं रेंगाळली. कायदा असूनही दुकान एकच असेल तर बाई जाणार कुठे?

या बेटांचं आपल्या मुंबईशी एक नातं आहे. आर्थर अँडरसन हा शेटलंडमध्ये जन्मलेला माणूस. त्यानं तिथले तलम मोजे राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले, आणि शेटलंडच्या विणकामाला लंडनमध्ये प्रतिष्ठा मिळाली. हाच अँडरसन पी अँड ओ या जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. पुढे कित्येक दशकं मुंबईहून विलायतेला जायचं म्हणजे बहुधा याच कंपनीच्या बोटीनं.

युद्ध आणि सत्याग्रह

चालता-चालता विणणं हे गरिबाचं लक्षण होतं, ते प्रतिष्ठेचं झालं पहिल्या महायुद्धात. खंदकांत चिखल-पाण्यात उभ्या सैनिकांचे पाय सडू लागले. कोरडे मोजे हे औषधाइतके गरजेचे झाले. १९१४ च्या शरद ऋतूत राणी मेरीनं सैनिकांसाठी लोकरीचे ३,००,००० पोटपट्टे आणि ३,००,००० मोज्यांचे जोड यांचं आवाहन केलं. मग आगगाडीत, ट्रामगाडीत, सभेत, जिकडेतिकडे सुया दिसू लागल्या. उच्चभ्रू बायकांनी पहिल्यांदाच बिनदिक्कत चारचौघांत विणायला घेतलं. काम तेच राहिलं, त्याचा अर्थ बदलला. आता विणणारी ‘बिचारी’ नव्हती, देशासाठी झटणारी होती. पुढच्या महायुद्धात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट विणकामाची पिशवी घेऊन सगळीकडे फिरत आणि तसे फोटो छापून येत.

आपल्याकडे असाच अर्थबदल कातण्याच्या बाबतीत झाला, आणि त्याचं एक केंद्र पुणं होतं. गांधीजी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना घडी घालून पेटीत बसणाऱ्या चरख्यावर त्यांनी काम केलं; तो ‘येरवडा चरखा’ म्हणूनच ओळखला जातो. २९ ऑगस्ट १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी ते मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीनं निघाले, आणि वाटेत डेकवर बसून कातत राहिले. ती बोट पी अँड ओ कंपनीची होती. शेटलंडच्या बायकांचे मोजे राणीपर्यंत पोचवणाऱ्या माणसानं उभ्या केलेल्या कंपनीच्या बोटीवर एक माणूस स्वतःच्या मर्जीनं सूत काढत होता.

पण मर्जी हा नाजूक शब्द आहे. १९२४ साली बेळगावच्या अधिवेशनात काँग्रेसनं सभासदांसाठी महिन्याला २,००० वार सुताची अट घातली होती, आणि पुढच्याच वर्षी ती सैल करावी लागली. स्वतःहून हातात घेतलेली टकळी आणि मोजून मागितलेलं सूत यांत केवढं अंतर आहे, हे तेव्हाही लोकांना कळलं.

लेडीज डबा

महाराष्ट्रात, त्यातही कोकणपट्टीत, लोकरीची खरी गरज वर्षातून जेमतेम काही दिवस. तरी दोन सुयांवरचं विणकाम इथे रुजलं. मासिकांतून नमुने छापून आले, शाळेत मुलींना शिकवलं गेलं, आणि ते टिकलं मुख्यतः बाळंतविड्यात: टोपडं, इवलासा स्वेटर आणि मोजे. कुणाकडे बाळ होणार म्हटलं की आजही सुया बाहेर निघतात. तळहाताएवढे ते मोजे प्रवासात विणायला सर्वांत सोयीचे, हे सांगायला नकोच.

लोकलच्या लेडीज डब्यात मी सकाळ-संध्याकाळ हे बघते. कुणी क्रोशानं तोरण करते आहे. तिच्याच शेजारी कुणी मेथी निवडते आहे, कुणी मटार सोलते आहे, कारण घरी पोचल्यावर चूल वाट बघते आहे. आणि अलीकडे एखादीच्या मांडीवर लॅपटॉप उघडा असतो, कानात मीटिंग चालू असते. लांबून तिघी सारख्याच दिसतात: हात चालू, वेळ सत्कारणी. पण मेथी निवडणारी घरचं उरलेलं काम रेल्वेत करते आहे, आणि लॅपटॉपवाली ऑफिसचं. शेटलंडच्या रस्त्यावरची बाई मला या दोघींमध्ये दिसते. तिच्या कमरेला पट्टा होता, यांच्या हातात फोन. काम खिशात मावायला लागलं की ते घरी ठेवून निघायची सोय संपते. वाट, जी दोन कामांच्या मधली मोकळी जागा होती, तीही कामाचीच होते.

म्हणून प्रवासासाठी विणकाम निवडताना माझे नियम आता थोडे वाढले आहेत. पहिले जुनेच: लहान असावं, एका रंगाचं असावं, नमुना तोंडपाठ असावा. सुई गोल घ्यावी. मध्ये लवचीक दोरी असलेल्या या सुईचं एक टोक निसटून सीटखाली जात नाही आणि कोपरही शेजारणीला लागत नाही. विमानानं जायचं असेल तर बांबूची सुई बरी, आणि सोबत जाड दोऱ्याचा एक तुकडा ठेवावा. सुया नेता येतील की नाही याचे नियम देशागणिक बदलतात आणि शेवटचा शब्द तपासणीवरच्या माणसाचा असतो. सुई काढून ठेवावीच लागली तर टाके त्या दोऱ्यावर उतरवता येतात आणि काम वाचतं.

आणि वाढलेला नियम असा: ज्याची कुणी तारीख ठरवून वाट बघत नाही, तेच विणकाम प्रवासात न्यायचं. ऑर्डरचं नाही, लग्नाच्या मुहूर्ताआधी द्यायचं नाही. बाळंतविड्याचं असेल तर ते घरी बसून. विणता-विणता खिडकीबाहेर बघावंसं वाटलं तर बघता आलं पाहिजे, झोप आली तर झोपता आलं पाहिजे. बेट्टी आणि तिच्या बहिणीला एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी त्यांना डोंगर ओलांडून चालत जावं लागलं.

सध्या माझ्या पिशवीत राखाडी लोकरीचा एक मोजा आहे. टाचेपर्यंत आला आहे. तो कुणाच्या मापाचा आहे हे मी अजून ठरवलेलं नाही.